फूता जालों : गिनीच्या डोंगराळ मुलुखाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गांबिया नदी, सेनेगल नदीची सर्वांत मोठी शाखा आणि नायजरची एक उपनदी, या तिघी एकाच डोंगराळ मुलुखातून निघतात. शाळेच्या नकाशात त्या मुलुखाचं नाव डोंगरांवर तिरक्या अक्षरांत छापलेलं असतं आणि तिथेच त्याची ओळख संपते. पश्चिम आफ्रिकेचा भूगोल शिकताना किंवा शिकवताना जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

फूता जालों नेमकं कुठे आहे? गिनी तर तीन-चार आहेत ना?

आहेत, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याला हवा आहे तो गिनी, ज्याची राजधानी कोनाक्री. शेजारचा गिनी-बिसाऊ ही पूर्वीची पोर्तुगीज वसाहत. इक्वेटोरियल गिनी दूर मध्य आफ्रिकेत आहे, आणि पापुआ न्यू गिनीचा आफ्रिकेशी काही संबंध नाही. कोनाक्रीच्या गिनीचे भूगोलात चार नैसर्गिक भाग मानतात: किनाऱ्याचा सखल गिनी, डोंगराळ मध्य गिनी, पूर्वेचा सवाना प्रदेश असलेला उंच गिनी आणि आग्नेयेचा जंगली गिनी. फूता जालों म्हणजे ढोबळमानाने यातला मध्य गिनी. उत्तरेला त्याचे उतार सेनेगल आणि माली या देशांकडे जातात, तर वायव्येला गिनी-बिसाऊकडे.

उच्चार काय करायचा? आणि नावाचा अर्थ?

फ्रेंच वळणाने ‘फूता जालों’, तिथल्या पुलार भाषेत ‘फूता जालो’. इंग्रजी पुस्तकं वाचलेले लोक ‘फुटा जालोन’ म्हणतात. तिन्ही चालतात. ‘जालों’ हा भाग जालोंके या लोकांवरून आला आहे. फुल्बे पशुपालक येण्याआधी या डोंगरांत त्यांची वस्ती होती. आज ते या मुलुखात अल्पसंख्य आहेत, पण मुलुखाच्या नावात त्यांचं नाव टिकून आहे.

सेनेगल नदीच्या मधल्या खोऱ्यात ‘फूता तोरो’ नावाचा वेगळा प्रदेश आहे. तिथेही फुल्बे समाज मोठा आहे आणि दोन्हींचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, त्यामुळे वाचताना कोणता फूता चालला आहे ते आधी पाहावं. आणखी एक गल्लत नेहमी होते. ‘माली’ हे शेजारच्या देशाचं नाव आहे, आणि फूता जालोंच्या उत्तर टोकाला असलेल्या एका गावाचं व प्रीफेक्चरचंही.

गिनीच्या सरकारी नकाशावर फूता जालों सापडत नाही. असं कसं?

माझ्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. फूता जालों नावाचं कोणतंही प्रशासकीय एकक आज अस्तित्वात नाही. आपल्याकडे कोकण किंवा खानदेश म्हटल्यावर सगळ्यांना कळतं, पण त्या नावाचा जिल्हा नसतो, तसंच.

गिनीचे आठ प्रशासकीय विभाग आहेत. त्यांत राजधानी कोनाक्री हा एक स्वतंत्र विभाग. बाकीच्या सात विभागांत मिळून ३३ प्रीफेक्चर येतात. प्रीफेक्चर म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं एकक, आणि त्याखाली सू-प्रीफेक्चर. फूता जालोंचा गाभा दोन विभागांत आहे. लाबे विभागात लाबे, लेलूमा, कूबिया, तूगे आणि माली ही पाच प्रीफेक्चर, तर मामू विभागात मामू, दलाबा आणि पीता ही तीन. २०१४ च्या जनगणनेत लाबे विभागाची लोकसंख्या १० लाखांच्या अगदी जवळ होती आणि मामूची सुमारे ७.३ लाख.

गोष्ट इथे संपत नाही. मध्य गिनीत धरली जाणारी गावाल आणि कूंदारा ही प्रीफेक्चर प्रशासनाने किनाऱ्याकडच्या बोके विभागाला जोडली आहेत. पश्चिम कडेचं तेलिमेले किंदिया विभागात आहे, तर पूर्वेचं दाबोला फाराना विभागात. तेलिमेलेतला फुल्बे शेतकरी स्वतःला फूताचाच म्हणवतो, पण त्याच्या कागदांवर किंदियाचा शिक्का असतो. म्हणूनच क्षेत्रफळाचा आकडा पुस्तकागणिक बदलतो. साधारण ८०,००० चौरस किलोमीटर हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास चौथाई. रेषा पठाराच्या कडेवर ओढायची की पायथ्याच्या उतारांनाही आत घ्यायचं, यावर तो आकडा ठरतो.

गव्हर्नर, प्रीफे, महापौर: कोण काय करतं?

विभागावर गव्हर्नर, प्रीफेक्चरवर प्रीफे आणि सू-प्रीफेक्चरवर सू-प्रीफे असतो. या तिघांच्या नेमणुका वरून होतात. प्रीफे म्हणजे आपला जिल्हाधिकारी असं समजलं तर फारशी चूक होणार नाही: कायदा-सुव्यवस्था, सरकारी खात्यांमधला समन्वय आणि राजधानीशी पत्रव्यवहार ही त्याची कामं.

याला समांतर दुसरी रचना आहे ती कम्यूनची. शहरी कम्यून आणि ग्रामीण कम्यून, त्यांचं मंडळ आणि महापौर. कायद्याने ही निवडून येणारी बाजू आहे. बाजारातली वसुली, शाळेची खोली, गावची विहीर, जन्मनोंद अशी रोजच्या जगण्यातली कामं तिच्याकडे असतात. पण निवडणुका वेळेवर होत नाहीत. २००५ नंतरची स्थानिक निवडणूक थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये झाली. पुढे ५ सप्टेंबर २०२१ रोजी लष्कराने कोनाक्रीत सत्ता घेतली आणि नेमणुकांची बाजू आणखी जड झाली.

गावात मात्र या दोन्ही रचनांच्या आधीपासूनचे अधिकार चालतात. मशिदीचा इमाम, घराण्यातले वडीलधारे आणि परदेशी गेलेल्यांची पैसे पाठवणारी गावमंडळी यांना विचारल्याशिवाय फारसं काही हलत नाही.

डोंगर किती उंच आहेत?

उंचीच्या हिशेबात फार नाहीत. मधलं पठार १,००० मीटरच्या आसपास आहे. माली गावाजवळचा लूरा हा सर्वोच्च डोंगर १,५०० मीटरच्या थोडा वर जातो, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा कमीच. तिथल्या एका कड्याला बाईच्या चेहऱ्याचा आकार आहे, त्याला ‘मालीची बाई’ म्हणतात. गिनीतलं सर्वांत उंच शिखर निंबा आग्नेयेच्या जंगली भागात आहे. त्याचा फूताशी संबंध नाही.

या मुलुखाचं वेगळेपण शिखरांत शोधू नये. बऱ्याच भागात वालुकाश्माचे सपाट थर आहेत, मध्ये काळ्या डोलेराइट खडकाचे पट्टे घुसलेले आहेत, आणि नद्यांनी हे सगळं उभं चिरत नेलं आहे. त्यामुळे माणूस सपाट माळावरून चालत असतो आणि एकाएकी पायांपुढे शंभर-दोनशे मीटरची दरी उघडते. पीताजवळचे किंकोन आणि कांबादागा, दलाबाजवळचा दितिन, लाबे भागातला साला हे धबधबे अशाच कड्यांवरून पडतात.

‘बोवाल’ म्हणजे काय?

कोकणातला सडा ज्याने पाहिला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. जांभ्याचं कडक कवच असलेला उघडा माळ म्हणजे बोवाल, अनेकवचन बोवे. पावसात त्यावर कोवळं गवत आणि छोटी रानफुलं येतात, डबकी साचतात आणि गुरं तिथे चरतात. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळं पडू लागतं, आणि जानेवारीत तोच माळ तव्यासारखा कोरडा असतो. इथे नांगर चालत नाही. बाहेरच्या माणसाला बोवाल म्हणजे पडीक जमीन वाटते, पण गुराख्याला तेच कुरण आहे.

या भागाला पश्चिम आफ्रिकेची पाण्याची टाकी का म्हणतात?

फ्रेंचमध्ये रुळलेला शब्दप्रयोग आहे तो, आणि तो अगदी नेमका आहे. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे या पठाराला अडतात. मे ते ऑक्टोबर या काळात बऱ्याच भागात १,५०० ते २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. ते पाणी चारी दिशांना वाहतं.

मामूच्या बाजूला उगम पावणारी बाफिंग उत्तरेला माली देशात जाते, बाफूलाबे इथे बाकोयला मिळते आणि तिथून पुढे दोघींना सेनेगल नदी म्हणतात. मांदिंग भाषेत बाफिंग म्हणजे काळी नदी आणि बाकोय म्हणजे पांढरी नदी. सेनेगल नदीतलं जवळपास निम्मं पाणी एकट्या बाफिंगचं आहे. लाबेजवळच्या होरे दिम्मा इथे गांबिया नदी उगम पावते आणि सुमारे १,१०० किलोमीटर वाहत बांजूलजवळ समुद्राला मिळते. पुलारमध्ये ‘होरे’ म्हणजे डोकं. उगमाला नदीचं डोकं म्हणणारी ही भाषा आहे, आणि फूताच्या नकाशात ‘होरे’ने सुरू होणारी गावं पुष्कळ दिसतात. तोमिने पश्चिमेला गिनी-बिसाऊत जाऊन कोरुबाल होते. कोंकूरे नैर्ऋत्येला अटलांटिकमध्ये जाते. पूर्वेच्या उतारावरची तिंकिसो नायजरला मिळते.

नायजर नदी स्वतः फूता जालोंत उगम पावत नाही. तिचा उगम आणखी आग्नेयेला, सिएरा लिओनच्या सीमेलगत आहे. अनेक ठिकाणी हे चुकीचं छापलेलं आढळतं म्हणून मुद्दाम सांगतो.

या पाण्यावर कोण जगतं ते बघा. बाफिंगवर माली देशात १९८८ मध्ये मानांताली धरण पूर्ण झालं. त्याची वीज माली, सेनेगल आणि मॉरिटानिया यांना जाते. कोंकूरेवर गिनीने एकापाठोपाठ गाराफिरी, मग २०१५ मध्ये २४० मेगावॉटचं कालेता आणि त्यानंतर ४५० मेगावॉटचं सुआपिती उभं केलं. कोनाक्रीतले दिवे या पाण्यावर लागतात. म्हणूनच आफ्रिकी एकता संघटनेने १९८१ मध्ये या डोंगरांसाठी संयुक्त कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात खालच्या बाजूचे सेनेगल, गांबिया, माली, मॉरिटानिया, नायजर, गिनी-बिसाऊ आणि सिएरा लिओन हे देशही आले. एका देशातल्या डोंगराची काळजी आठ देशांनी करावी, असा हा हिशेब.

इतकं पाणी असताना तिथे टंचाई कशी?

फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत अनेक गावांतल्या बाया आणि मुली दरीत उतरून पाणी आणतात. वालुकाश्माच्या भेगांतून आणि बोवालावरून पाणी झपाट्याने निघून जातं. उगमाभोवतीचं झाडांचं बन टिकलं तरच झरा उन्हाळ्यात जिवंत राहतो. आणि हीच बनं विटभट्ट्यांच्या लाकडासाठी, कोळशासाठी आणि नव्या शेतांसाठी तुटत आली आहेत. कोरड्या ऋतूत गवताला लावलेली आग भर घालते. धरणं खाली आहेत, वीजवाहिन्या खाली आहेत, आणि उगमाजवळचं गाव कित्येकदा अंधारात आणि घागर घेऊन उभं असतं. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मार्च-एप्रिलमध्ये फिरलेल्या माणसाला हे चित्र परकं वाटणार नाही.

हवामान कसं असतं?

उंचीमुळे सुखद. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमाटान हा कोरडा, धुळकट वारा येतो. रात्री लाबे आणि दलाबाला स्वेटर लागतो, माली गावात तर कडाक्याची थंडी पडते. फ्रेंच अधिकारी किनाऱ्याच्या उकाड्यापासून पळून दलाबाला येत. तिथली पाइनची झाडं त्या काळातलीच, वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्त शेवालिए यांच्या बागेपासून सुरू झालेली.

इथे फक्त फुलानी लोक राहतात का?

बहुसंख्य तेच. ‘फुलानी’ हा हौसा भाषेतून इंग्रजीत आलेला शब्द, फ्रेंच त्यांना ‘प्यूल’ म्हणतात. ते स्वतःला एकवचनी पुल्लो आणि अनेकवचनी फुल्बे म्हणतात. सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरलेल्या या समाजाची सर्वांत दाट वस्ती असलेल्या भागांत फूता जालों येतं. इथे दियालो, बारी, बाह आणि सो ही चार आडनावं सतत भेटतात. दियालो आणि बाह, तसंच बारी आणि सो यांच्यात थट्टेचं नातं मानतात. अनोळखी माणसाचं असं आडनाव कळलं की समोरचा त्याला लगेच चिडवतो आणि त्याचा राग धरायचा नसतो.

मात्र फुल्बेंपुरतं पाहिलं तर अर्धा मुलूख निसटतो. जालोंके अजूनही आहेत. पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या उतारांवर सुसू आहेत. गावाल प्रीफेक्चरमध्ये तूबा हे जाखांके विद्वानांचं जुनं गाव आहे (सेनेगलमधलं प्रसिद्ध तूबा वेगळं). कूंदाराच्या बाजूला बासारी आणि कोनियागी हे समाज आहेत. इमामतीच्या, म्हणजे इथल्या जुन्या धर्मराज्याच्या काळात आजूबाजूचे लोक मुस्लिम होत गेले तरी यांनी आपले विधी आणि वयोगटांची रचना जपली. आणि फुल्बे म्हणून मोजल्या जाणाऱ्यांमध्येही एक मोठा वर्ग गुलामांच्या वंशजांचा आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पुलार भाषा कशी आहे? तिला स्वतःची लिपी आहे का?

या भाषेत अनेकवचन करताना शब्दाचं पहिलं व्यंजनही बदलतं: पुल्लो, फुल्बे. नामांचे वर्ग वीसच्या आसपास आहेत, त्यामुळे शिकणाऱ्याची दमछाक होते. मोजणी पाचावर उभी आहे. गोओ, डिडि, ताति, नाय, जोवि म्हणजे एक ते पाच. मग पाच-एक, पाच-दोन असं जोडत जेएगो, जेएडिडि, जेएताति, जेएनाय. हातांच्या बोटांवर मोजलेली संख्या शब्दांत तशीच राहिली आहे.

अरबी लिपीत पुलार लिहिण्याची परंपरा, म्हणजे अजमी, इथे शतकांची आहे. तिएर्नो मुहम्मदू सांबा मोंबेया या विद्वानाने धर्मशास्त्र पुलार पद्यात लिहिलं, आणि कारणही दिलं: माणसाला समज येते ती आपल्या भाषेत ऐकल्यावर. मराठी वाचकाला या कारणाचं मोल वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट अगदी अलीकडची. १९८९ मध्ये इब्राहिमा आणि अब्दुलाय बारी या दोन भावांनी एक नवी लिपी तयार केली. एक चौदा वर्षांचा, एक दहाचा. घर होतं एन्झेरेकोरेला, म्हणजे फूताच्या बाहेर, पण भाषा पुलार. अरबी अक्षरांत आपल्या भाषेतले काही आवाज नीट बसत नाहीत, हे त्यांना खटकलं होतं. उजवीकडून डावीकडे लिहायच्या २८ अक्षरांच्या या लिपीचं नाव अदलाम. बाजारात, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, वहीच्या पानांच्या नकला वाटत ती पसरली. २०१६ मध्ये ती युनिकोडमध्ये आली आणि फोनवर टंकता येऊ लागली. सरकारी आदेशाशिवाय उभी राहिलेली अशी लिपी जगात क्वचित दिसते.

इमामत म्हणजे काय? तिचा कारभार कसा चाले?

१७२५ च्या सुमारास इथल्या मुस्लिम फुल्बे धर्मगुरूंनी जिहाद पुकारला, जालोंके आणि बिगर-मुस्लिम फुल्बे सरदारांना हरवलं आणि एक धर्मराज्य स्थापलं. पहिले प्रमुख तिंबोचे कारामोखो अल्फा. स्वभावाने विद्वान. राज्याला लष्करी बळ दिलं ते त्यांच्या मागून आलेल्या इब्राहिमा सोरी यांनी. राज्यप्रमुखाला अल्मामी म्हणत. राजधानी तिंबो, पण राज्याभिषेक होई फुगुंब्यात, आणि तिथल्या वडीलधाऱ्यांच्या संमतीला वजन होतं.

राज्याचे नऊ प्रांत होते, एका प्रांताला दिवाल म्हणत: तिंबो, फुगुंबा, लाबे, तिंबी, केबाली, बूरिया, कोलादे, कोयिन आणि फोदे हाज्जी. यातली बरीच नावं आजच्या नकाशावर सू-प्रीफेक्चर किंवा गाव म्हणून दिसतात. तिंबी पीतामध्ये, केबाली दलाबात, कोयिन तूगेत. लाबे सर्वांत मोठं आणि जवळजवळ स्वतंत्र वागणारं.

पुढे कारामोखो अल्फांच्या वंशजांचा अल्फाया आणि सोरींच्या वंशजांचा सोरिया असे दोन पक्ष पडले. तोडगा असा निघाला की दोघांनी दोन-दोन वर्षं आळीपाळीने राज्य करायचं. कागदावर हा तोडगा सुंदर आहे. प्रत्यक्षात पाळी संपलेला अल्मामी खुर्ची सोडत नसे आणि रक्त सांडे. तरी दोन्ही घराण्यांपैकी एकालाही दुसरं कायमचं संपवता आलं नाही, आणि राज्य दीडशेहून अधिक वर्षं टिकलं.

या राज्यात गुलामगिरी होती का?

होती, आणि राज्याचा पायाच तिच्यावर होता. गावं दोन प्रकारची होती. मशीद असलेलं स्वतंत्र लोकांचं गाव म्हणजे मिसिदे आणि शेतात राबणाऱ्या गुलामांची वस्ती म्हणजे रूंदे. लोकसंख्येचा मोठा भाग रूंद्यांत राही. युद्धांत पकडलेली माणसं किनाऱ्यावर युरोपीय जहाजांनाही विकली जात. उत्तम ज्ञानपरंपरा आणि माणसांचा व्यापार हे दोन्ही एकाच समाजात होतं. एक सांगून दुसरं झाकणं मला पटत नाही.

त्या व्यवहाराची उलटी बाजू एका माणसाच्या आयुष्यात दिसते. इब्राहिमा सोरींचा मुलगा अब्दुल रहमान १७८८ मध्ये लढाईत पकडला गेला, विकला गेला आणि अमेरिकेत मिसिसिपीच्या नॅचेझ इथल्या कापसाच्या मळ्यात पोहोचला. तिंबोत कधीकाळी त्याच्या घरच्यांनी आजारपणात सांभाळलेल्या एका गोऱ्या डॉक्टरने १८०७ मध्ये त्याला तिथल्या बाजारात ओळखलं, तरी सुटका झाली १८२८ मध्ये. चाळीस वर्षांची गुलामी भोगून तो आफ्रिकेत परतला, पण १८२९ मध्ये लायबेरियाच्या मोनरोव्हियातच वारला. तिंबो त्याला पुन्हा दिसलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हुब्बू नावाचं बंडही झालं. त्यात गरीब गुराखी आणि पळून आलेले गुलाम होते. फ्रेंच अमलात गुलामगिरी कायद्याने गेली. पण कोण कोणाच्या मुलीला मागणी घालू शकतो, मशिदीत पुढे कोण उभं राहतं, अशा प्रश्नांत जुनं मूळ अजून डोकावतं.

फ्रेंच कधी आले? आणि स्वातंत्र्यानंतर?

१४ नोव्हेंबर १८९६ रोजी पोरेदाकाच्या लढाईत अल्मामी बोकार बिरो यांचा पराभव झाला. त्यानंतर लवकरच ते मारले गेले. लाबेचे अल्फा याया आधी फ्रेंचांच्या बाजूने होते. १९०५ मध्ये फ्रेंचांनी त्यांनाच पदच्युत करून दाहोमेला (आजचा बेनिन) हद्दपार केलं. परत आल्यावर पुन्हा पकडलं, आणि १९१२ मध्ये मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर कैदेत त्यांचा मृत्यू झाला. गिनीच्या राष्ट्रगीताची चाल त्यांच्या गौरवगीतावरून घेतली आहे.

फ्रेंचांनी कोनाक्रीहून कांकानपर्यंत ६६२ किलोमीटरचा लोहमार्ग टाकला, तो १९१४ मध्ये पूर्ण झाला. तो मामूवरून गेला, म्हणून मामू वाढलं. रेल्वेपासून बाजूला पडलेलं तिंबो, एकेकाळची राजधानी, आज मामू प्रीफेक्चरमधलं एक सू-प्रीफेक्चर आहे. रेल्वे पुढे बंद पडली, पण मामूचं नाक्याचं महत्त्व रस्त्यांनी टिकवलं.

फ्रेंचांच्या हाताखालची सरदारी ३१ डिसेंबर १९५७ रोजी सेकू तूरे (पुढे स्वतंत्र गिनीचे पहिले अध्यक्ष) यांच्या सरकारने रद्द केली, आणि २ ऑक्टोबर १९५८ रोजी गिनी स्वतंत्र झाला. सरदारी जाणं हे अनेक सामान्य कुटुंबांसाठी सुटका होती. नंतर जे झालं ते भयंकर होतं. १९७६ मध्ये तूरे यांनी ‘प्यूल कटा’चा आरोप करून संपूर्ण समाजाला लक्ष्य केलं. पोरेदाकात जन्मलेले दियालो तेली, आफ्रिकी एकता संघटनेचे पहिले सरचिटणीस, कोनाक्रीच्या बोइरो छावणीत उपाशी ठेवून मारले गेले. साल १९७७. त्या काळात हजारो कुटुंबं सेनेगल, सिएरा लिओन आणि आयव्हरी कोस्टला पळाली. आजचं मतदान जमातींच्या रेषेवर का होतं, असं विचारणाऱ्याने आधी हे वाचावं. २०१० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीत लाबे भागातले सेलू दालें दियालो हरले, तेव्हाही ही जखम उघडी होती.

लोक पोट कशावर भरतात?

आधी परसापासून सुरुवात करू या, कारण फूताची खरी शेती घराच्या कुंपणात आहे. पुलारमध्ये तिला ‘सुंतूरे’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘तापाद’. घरांभोवती जिवंत झाडांचं कुंपण आणि आत मका, अळकुड्या, कसावा, शेंगा, भेंडी, भुईमूग. ही जमीन बाया सांभाळतात. शेण, राख, चुलीवरचा आणि झाडलोटीचा कचरा, सगळं वर्षानुवर्षं तिथेच जातं. मूळची जमीन हलकी असूनही कुंपणाच्या आतली माती काळीभोर झालेली असते. अशा जमिनी पिढ्यानपिढ्या एकदाही पडीक न टाकता पिकत आल्या आहेत. बाहेरच्या शेतात फोनियो पिकतो. दाणा राजगिऱ्याएवढा, हलक्या मातीत येणारा. ते शेत मात्र काही वर्षांनी विसावा मागतं.

गुरं ही एनदामा जातीची: बुटकी, बिनवशिंडाची. त्से-त्से माशीमुळे होणारा रोग ती सोसू शकतात, म्हणून या जातीला पश्चिम आफ्रिकेत मोठा मान आहे.

१९९२ मध्ये स्थापन झालेल्या फूता जालों शेतकरी महासंघाने तिंबी मादिनाच्या सपाटीवर बटाट्याची शेती उभी केली. स्थानिक बटाटा बाजारात येण्याच्या महिन्यांत परदेशी बटाट्याच्या आयातीवर बंदी घालायला त्यांनी सरकारला लावलं. बटाटा आज कोनाक्री आणि डाकारपर्यंत जातो. लाबेत निळीने रंगवलेलं लेप्पी कापड होतं, तेही बायांच्याच हातचं.

रोजचं जेवण काय?

लाचिरी ए कोसान: मक्याचा वाफवलेला रवाळ भात आणि त्यावर आंबट दूध. पाहुण्याला आधी दूध देतात. भात, शेंगदाण्याची किंवा पाल्याची आमटी आणि फोनियो हेही असतंच.

तिथली इतकी माणसं परदेशी का?

जमीन कमी, कोरडे महिने लांब, आणि १९७० च्या दशकातली पळापळ. डाकारमध्ये फळांची गाडी किंवा कोपऱ्यावरचं किराणा दुकान चालवणारा माणूस बऱ्याचदा फूताचा असतो. पॅरिस, ब्रसेल्स आणि न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्येही मोठ्या वस्त्या आहेत. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी ४ फेब्रुवारी १९९९ रोजी ४१ गोळ्या झाडून मारलेला नि:शस्त्र अमादू दियालो याचं दफन फूतातल्याच कुटुंबाच्या गावी झालं. बाहेर गेलेल्यांच्या पैशातून गावात शाळा, दवाखाना आणि मशीद उभी राहते. पत्र्याच्या छताचं सिमेंटी घर बांधलं जातं आणि जमिनीपर्यंत उतरणाऱ्या गवती छपराची गोल घरं कमी होत जातात.

जंगल आणि खाणींचं काय?

पश्चिमी चिंपांझींच्या मोठ्या आसऱ्यांपैकी हा एक आहे. वस्तीलगतच्या बनांतही ते राहतात आणि शेतकरी त्यांना सहसा मारत नाहीत. बाफिंगच्या खोऱ्यात २०२१ मध्ये म्वाययाँ-बाफिंग राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्याच नदीवर कूकूतांबा धरणाची योजना आहे, आणि ते झालं तर चिंपांझींचा अधिवास पाण्याखाली जाईल. तूगे आणि गावालच्या बाजूला बॉक्साइट आहे, कारण जांभा आणि बॉक्साइट ही सख्खी भावंडं. वीज की वन, हा वाद इथे कागदी नाही.

जायचं असेल तर?

नोव्हेंबर ते जानेवारी. धबधब्यांना पाणी असतं आणि रस्ते वाळलेले असतात. पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. कोनाक्रीहून मामू, मग उत्तरेला वळून दलाबा, पीता आणि लाबे असा एकच मुख्य रस्ता आहे. एकूण ४०० किलोमीटरच्या आसपास, पण दिवस पूर्ण जातो. दलाबात पूर्वी सरदार जिथे बैठकीला जमत ते कोरीव मातीकाम केलेलं सभागृह बघा. दक्षिण आफ्रिकेतून हद्दपार झालेल्या गायिका मिरियम मकेबा यांचं घरही या गावात होतं. फ्रेंच थोडीफार यावी, इंग्रजी चालत नाही.

आणि भेटल्यावर घाई करू नका. ‘ओन जारामा’ म्हणायचं. समोरचा विचारेल, ‘ताना आला?’ म्हणजे, काही वाईट तर नाही ना? उत्तर, ‘जाम तुन’, फक्त सुख आहे. मग तो घरच्यांचं विचारेल, मुलांचं, गुरांचं, प्रवासाचं, आणि दर वेळी तेच उत्तर द्यायचं. हे संपल्यावर कामाचं बोलायचं.